बत्तीस इंचांवरची काळी पट्टी

१४ जून १९६५, सोमवार

कचेरीत सुब्बाराव सरांनी आज पहिल्यांदा एक काम पूर्ण माझ्याकडे दिले. मोजणी, आराखडा, सामानाची यादी, देखरेख, सगळे. आराखड्याच्या कोपऱ्यात 'रेखाटन' या रकान्यात दोन वर्षे माझी आद्याक्षरे येत आहेत. 'योजना' या रकान्यात ती पहिल्यांदाच येतील. काम लहान आहे, एक न्हाणीघर. सर म्हणाले, "लहान म्हणून नाक मुरडू नकोस. घरात सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात."

घर इथेच, बंगळूरच्या चामराजपेटेत, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटे. मालक नरसिंगराव. पेठेत त्यांचे तांब्यापितळेच्या भांड्यांचे दुकान आहे. गेल्या वर्षी ते मुंबईला एका हॉटेलात उतरले होते, तिथली न्हाणी त्यांच्या डोक्यातून जात नाही. "सगळं पांढरं, तुंगाबाई. भिंती पांढऱ्या, जमीन पांढरी, बेसिन पांढरं. आत गेलं की आपण दुधात उभे आहोत असं वाटतं. तसं पाहिजे. चामराजपेटेत कोणाकडे नाही असं."

जुने न्हाणीघर, म्हणजे यांच्या बोलण्यात बच्चल, आठ फूट तीन इंच बाय सहा फूट एक इंच. खाली खरबरीत दगडी फरश्या, कोपऱ्यात चुलाण्यावर तांब्याचा मोठा हंडा, भिंती धुराने काळ्या. शेजारी सरपणाची खोली आहे. गीझर आला की सरपण नको, म्हणून नवीन न्हाणीघर त्या खोलीत करायचे.

एक गोष्ट टिपून ठेवते. मधल्या घरातून मागे जाताना जी पायरी लागते तिच्या कडेला, न्हाणीच्या उंबऱ्यावर आणि मोरीच्या काठावर बोटभर रुंदीच्या चुन्याच्या पांढऱ्या रेघा आहेत. मी विचारले. नरसिंगराव म्हणाले, "सणाच्या असतील." दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी हंडा घासून त्याला चुन्याच्या रेघा ओढतात, वेल बांधतात, पाणी भरतात, ते आमच्याकडेही करतात. पण दिवाळी ऑक्टोबरात. चुना ताजा होता, बोटाला लागला.

आणखी एक सूचना: दाराला आतून कडी नको. संक्रांतीला त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई न्हाणीत पडल्या, कडी लावलेली होती, दार तोडावे लागले. "आता पुन्हा पडली तर कामवाल्या ठकुबाईलाच आत उभी करणार. ती न्हाऊ घालेल. विषय संपला."

शकुंतलाबाई दारात उभ्या होत्या. पंचावन्नच्या आसपास वय, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. माझ्याकडे बघत होत्या, पण किंचित बाजूला, जणू माझ्यामागे दुसरे कोणी उभे आहे.

१९ जून, शनिवार

आराखडा दाखवला. नरसिंगराव खूश. शकुंतलाबाईंना, म्हणजे आता अक्का म्हणते, घरात सगळे तेच म्हणतात, त्यांना कागद पुढे केला तर त्यांनी तो हातात घेतलाच नाही. विचारले, "दारापासून नळापर्यंत किती पावलं?"

मी सांगितले, "सहा फूट दोन इंच."

"ते तुझ्या पट्टीचं. माझी पावलं किती?"

मी सांगितले की पावलांत माप काढत नाहीत. त्या म्हणाल्या, "काढून बघ एकदा." मग म्हणाल्या, हंडा हवा. मी म्हटले, गीझर आहे. "असू दे की गीझर. हंडा कोपऱ्यात राहू दे." सात फुटांच्या खोलीत एकाच कामाची दोन साधने.

जाताना मागून हाक मारली. "तुंगा, पांढरं छान आहे गं. पण स्वल्प काळं घाल."

"कुठे?"

"जिथे जिथे काही संपतं तिथे."

"काय संपतं?"

"सगळंच."

वहीत लिहिले: मागणी अस्पष्ट. अजूनही तसेच वाटते.

३ जुलै, शनिवार

गवंडी देवाप्पा काल कामाला लागला. निपाणीकडचा, हात चांगला, बोलणे कमी. मागच्या पायरीवर पातळीच्या खुणा करायच्या होत्या, म्हणून चुन्याच्या रेघा घासून काढायला सांगितल्या. तो म्हणाला, "बाई, त्या रेघा पुसू नगासा."

"का?"

"घरच्या बाईनं वडल्यात. असूंद्यात की."

मी स्वतः ब्रश घेऊन पुसल्या. आज सकाळी गेले तर रेघा परत होत्या, माझ्या लाल खुणांच्या वरून. पुन्हा पुसल्या. दुपारी अक्का आल्या तेव्हा उजव्या पायाच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली होती. ठेच लागली म्हणाल्या.

देवाप्पा माझ्याकडे बघत राहिला. कामगाराने असे बघावे हे मला आवडले नाही.

२० जुलै, मंगळवार

टाइल चार फुटांपर्यंत चढली. सहा इंची पांढरी, चकाकी उत्तम, सांधे बारीक. पूर्वेची भिंत झाली, दक्षिणेची अजून प्लास्टरवरच आहे.

नरसिंगरावांनी हौसेने अक्कांना बघायला आणले. त्या आत आल्या, दक्षिणेकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि त्या उघड्या प्लास्टरला म्हणाल्या, "सुंदर. अगदी सुंदर." नरसिंगराव त्या वेळी वर गीझरच्या खुंट्या बघत होते.

देवाप्पाने मान खाली घातली. मला वाटले, हा टोमणा आहे. आपल्याला काम पसंत नाही हे सांगायची ही तऱ्हा असेल तर मला सरळ बोललेले चालते. संध्याकाळी सरांना सांगितले. ते म्हणाले, "घरधनीण रुसलेली असली की आधी तिची मागणी कळत नाही, मग आपल्याला तिचा राग येतो. दोन्ही गोष्टी आराखड्यात दाखवता येत नाहीत."

रुसायला मी काय केले आहे, कळत नाही.

५ ऑगस्ट, गुरुवार

आज जे घडले ते जसेच्या तसे लिहिते, कारण मला त्याचा अर्थ लागत नाही.

वेळ दुपारची, सव्वाबारा. देवाप्पा जेवायला गेला होता. टाइल आता वर सात फुटांपर्यंत लागल्या आहेत, बेसिन बसले आहे. मी बेसिनच्या शेजारी भिंतीला पाठ लावून उभी राहून समोरचा सांधा तपासत होते. अंगावर नेहमीचे पांढरे सुती लुगडे. खिडकीतून भरपूर उजेड.

अक्का आल्या. दारात थांबल्या. ओठांतल्या ओठांत कानडीत मोजत, वंदु, यरडु, मूरु, असे करत पुढे आल्या. माझ्यापासून दीड हातावर बेसिनपाशी थांबल्या. माझ्याकडे बघितले नाही. मी नमस्कार करणार होते, पण त्यांनीच ओळख दाखवली नाही, म्हणून मीही गप्प राहिले. त्यांनी नळ सोडला, हात धुतले, साबण बेसिनच्या काठावर ठेवला. काठावर म्हणजे काठाच्या दोन इंच अलीकडे, हवेत. साबण खाली पडला. त्या वाकून हाताने जमीन चाचपू लागल्या. साबण पांढरा, जमीन पांढरी. माझ्या पावलाजवळच होता. मी तो पायाने त्यांच्या हाताकडे सरकवला. हे का केले, माहीत नाही. उचलून का दिला नाही, तेही माहीत नाही.

त्या ताठ झाल्या. "कोण आहे?"

"मी. तुंगा."

"उभी राहून बघत होतीस?"

"मोजत होते."

"मीपण," त्या म्हणाल्या, आणि निघून गेल्या.

मी त्यांना नको आहे, एवढेच यातून निघते. पण मग "कोण आहे?" कशाला विचारले? नाराज माणूस समोर उभ्या असलेल्याला 'कोण' म्हणून विचारत नाही. खोटे नाटक वाटले नाही. मला काहीतरी जुळत नाही.

२६ ऑगस्ट, गुरुवार

जुन्या न्हाणीचे चुलाणे फोडले, त्यातून नळ नेला. हंडा अंगणात उपडा घातला आहे. नवीन जमीन झाली: पांढरे मोझॅक, तीन वेळा पॉलिश. ओला भाग आणि कोरडा भाग वेगळे करायला मी मध्ये चार इंच उंच काठ घेतला आहे, तोही पांढरा, जमिनीतून उगवल्यासारखा. परदेशी कॅटलॉगात असा आहे. सर म्हणाले, "देखणं झालं." मी स्वतः दारातून बघितले तर काठ दिसतच नाही, सगळा एकच पृष्ठभाग वाटतो. तेच साधायचे होते.

८ सप्टेंबर, बुधवार

रेडिओवर युद्धाच्या बातम्या. वॅगन मिळत नाहीत म्हणून क्रोमचे दोन नळ अडकले आहेत.

आज संध्याकाळी दिवे बंद ठेवायचा सराव होता. मी नरसिंगरावांकडे यादी द्यायला गेले होते, तेवढ्यात भोंगा वाजला आणि सगळे अंधारात बसलो. नरसिंगराव उठले, गुडघा खुर्चीला आपटला, "अय्यो" म्हणून परत बसले. ठकुबाई स्वयंपाकघरात "हलू नका, हलू नका" म्हणत स्वतःच कशावर तरी आपटली.

आणि अक्का कॉफी घेऊन आल्या. तीन पेले, ताटलीत. मधल्या घरातून दोन उंबरे ओलांडून, त्या अंधारात, थेंब न सांडता. पेला माझ्या हातापर्यंत आणून म्हणाल्या, "घे. गरम आहे, वरून धर."

नरसिंगराव म्हणाले, "हिला काय, तीस वर्षांचं घर आहे."

रात्री घरी जेवताना, मी जिच्याकडे राहते त्या मामीला हे सांगत होते आणि सांगता सांगता थांबले. ही बाई अंधारात चुकत नाही आणि भर दुपारी पांढऱ्या खोलीत साबण हवेत ठेवते. कोणत्याही माणसाचे याच्या उलट असते.

९ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी अक्कांशी बोलता बोलता त्यांच्यापुढे दोन चकत्या ठेवल्या, एक पांढऱ्या टाइलची, एक काळ्या दगडाची, दोन्ही पांढऱ्या कागदावर. म्हटले, यातली एक उचला. त्यांनी काळी उचलली. मग म्हटले, आता दुसरी. हात कागदावरून फिरला, फिरला, आणि मग त्या हसल्या. "परीक्षा घेतेस होय?"

मला लाज वाटली. काहीतरी बोलून निघाले. काही विचारले नाही. विचारले असते तर त्यांना उत्तर द्यावे लागले असते, आणि मग ते उत्तर माझ्याकडे राहिले असते.

१३ सप्टेंबर, सोमवार

आज विचारायला हवे होते असे वाटते. म्हणजे चार दिवसांपूर्वी.

नरसिंगरावांनी भटजींना विचारून मुहूर्त काढला होता. नवीन न्हाणीत पहिली आंघोळ घरच्या लक्ष्मीची. मी आणि देवाप्पा बाहेर उभे. दार लोटलेले, कडी नाही. पाच मिनिटे पाण्याचा आवाज, मग एक धप्प.

त्या काठाला अडखळल्या. मी घेतलेल्या काठाला. पडताना हात गरम नळाच्या पाइपवर गेला. गुडघा फुटला, तळहात भाजला. ठकुबाई आत धावली. नरसिंगराव दाराबाहेर पाठ करून उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "झालं. उद्यापासून ठकू आत."

ठकुबाईने अक्कांना धरून बाहेर आणले.

देवाप्पा मला अंगणात म्हणाला, "बाई, मी म्हणलो हुतो न्हवं. रेघा पुसू नगासा."

"मग नीट का नाही सांगितलंस?"

"मी काय सांगू? त्यांचं त्यांनी सांगायचं. आन तुमी शिकलेल्या."

१७ सप्टेंबर, शुक्रवार

शाळेत निरीक्षणे लिहायला शिकवतात: काय दिसले, मग त्याचा अर्थ. जूनपासून माझी सगळी निरीक्षणे बरोबर आहेत आणि अर्थ सगळे चुकीचे. त्यांचा माझ्यावर राग असेल असे मला वाटत राहिले. का वाटत राहिले, यावर लिहायला बसले आणि दोन ओळी लिहून खोडल्या.

आज गेले तेव्हा न्हाणीचे दार सताड उघडे होते. ठकुबाईचा आवाज येत होता, "वर करा हात, आता हा, आता पाठ." लहान मुलाशी बोलतात तसा. ठकुबाई प्रेमळ आहे. मी अंगणात उपड्या हंड्यावर बसून राहिले. अक्का बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा परक्याच्या घरी आंघोळ केल्यासारखा होता.

ठकुबाई आत गेल्यावर मी विचारले, "किती दिसतं?"

त्यांनी टाळले नाही. "समोरचं दिसतं, नळीतून बघितल्यासारखं. कडेचं नाही. पांढऱ्यावर पांढरं नाही. काळ्यावर पांढरं दिसतं, पांढऱ्यावर काळं दिसतं. उजेड फार असला की काहीच नाही."

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली. डोळ्यांच्या मोठ्या इस्पितळात जाऊन आले एकटी. गेलेलं परत यायचं नाही म्हणाले, आहे ते औषधाचे थेंब घालून टिकेल. घालते. बाटली हंड्यामागच्या कोनाड्यात असायची. आता कोनाडाच फोडला तुम्ही."

"नरसिंगरावांना सांगा."

"ते काय वाईट वागतील?" त्या म्हणाल्या. "चांगलंच वागतील. तेच नकोय. माझ्या आईचं असंच झालं. नऊ वर्षं दुसऱ्यांनी न्हाऊ घातलं, दार उघडं ठेवून. सगळे चांगले होते. कोणी वेडंवाकडं बोललं नाही. आई म्हणायची, शकू, मला एकदा कडी लावून आंघोळ करायची आहे, मग मेले तरी चालेल. नाही मिळाली." मग म्हणाल्या, "किल्ल्या घ्या म्हणावं, स्वयंपाक घ्या. एवढी एक खोली राहू द्या."

मी म्हटले, "मी काही वचन देत नाही."

"तू कशाला देशील. तू मोज."

घरी येऊन हे लिहिते आहे. काम नरसिंगरावांचे आहे. ज्या गोष्टीमुळे वापरणाऱ्याला इजा होते ती मालकाला सांगणे माझे कर्तव्य आहे, असे मला शिकवले गेले. पण वापरणारी व्यक्तीच सांगू नको म्हणते तेव्हा काय करायचे, ते कुठल्या पुस्तकात नव्हते. न्हाणी कोणाची, हा प्रश्न मी जूनमध्ये विचारलाच नाही. रकाना होता, 'मालक', त्यात एक नाव लिहिले आणि पुढे गेले.

२० सप्टेंबर, सोमवार

काळी टाइल बंगळूरमध्ये कुठेही नाही. वॅगन नाहीत. जे. सी. रोडवरची तीन दुकाने पालथी घातली. देवाप्पाला सांगितले तर तो म्हणाला, "कडप्पा घ्या की. काळा मिचकूट असतोय. वल्ला झाला तर आनिक काळा."

कडप्पा. स्वयंपाकघराचे ओटे ज्याचे करतात, तो. मला सुचला नाही, कारण कॅटलॉगात नव्हता.

मी अक्कांकडे गेले आणि त्यांना दारापासून नळापर्यंत चालायला सांगितले. हात भिंतीवर जिथे सहज टेकतो तिथे पेन्सिलची खूण. पाच वेळा चालवले. पाचही वेळा खूण बत्तीस इंचांवर, अर्ध्या इंचाच्या फरकाने. पावले सहा. सहाव्या पावलाशी त्या आपण होऊन थांबतात. गेल्या तीन महिन्यांत मी घेतलेले हे पहिले उपयोगाचे माप.

योजना अशी. चार इंची काठ काढून टाकायचा, त्याऐवजी फुटाला पाव इंच उतार, आणि उतार सुरू होतो तिथे कडप्पाची खरबरीत पट्टी, पायाला कळेल अशी. उंबऱ्याला कडप्पा, बेसिनच्या काठाखाली कडप्पाची चौकट. भिंतीवर बत्तीस इंचांवर तीन इंच रुंद पट्टी, अर्धा इंच पुढे आलेली, दारापासून सगळीकडे फिरणारी. थंड नळावर ती सलग जाईल, गरम नळावर चार इंच तोडायची, म्हणजे बोटांना कळेल. गरम पाइप भिंतीच्या आत. जमीन पुन्हा घासून पॉलिश उतरवायची.

आणि हंडा कोपऱ्यात, थंड पाण्याचा. तांब्याचा रंग पांढऱ्यावर उठतो. त्या हंड्यापासूनच दिशा धरतात, हे आता कळले.

२१ सप्टेंबर, मंगळवार

सरांपुढे आराखडा ठेवला. त्यांनी चष्म्यावरून बघितले. "ही पट्टी कशासाठी?"

"शोभेसाठी."

"तुला शोभा कधीपासून सुचायला लागली?"

त्यांनी पट्टीच्या तुटलेल्या जागेवर, गरम नळाच्या वर, पेन्सिल ठेवली, बराच वेळ ठेवली, आणि मग 'तपासले'च्या रकान्यात सही केली. मी बाण काढून 'शोभेची पट्टी' असे लिहिले. आजवर आराखड्यावर मी खोटा शब्द लिहिला नव्हता.

नरसिंगराव आधी बिथरले. "पांढऱ्यात काळं? मुंबईला नव्हतं."

मी म्हटले, "मुंबईला नव्हतं म्हणूनच. आणि तिथे तांब्याचा हंडाही नव्हता. तांब्यापितळेच्या दुकानदाराच्या न्हाणीत हंडा नाही, हे लोक बोलून दाखवतील."

ते विचारात पडले. हंडा चालेल म्हणाले.

मग कडीचा विषय मीच काढला. "हॉटेलात आतून कडी होती ना?"

"होती."

"मग कडीशिवाय ही तशी कशी होणार?" पितळी कडी दाखवली. फटीतून पातळ सुरी घातली की बाहेरून उचलता येते. ते कडी उघडत, लावत राहिले. मग म्हणाले, "ठकूला आत उभं केल्यापासून ही जेवत नाही नीट." त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "लावा कडी. तुमची पट्टी पण लावा."

इतक्या लवकर मानतील असे वाटले नव्हते. का मानले, कळत नाही.

अक्कांना कडीची खरी गोष्ट सांगितली, बाहेरून उघडते म्हणून. हे त्यांच्यापासून लपवायचे नव्हते. त्या म्हणाल्या, "सरी, चालेल. पण आधी ठोठावायचं. मोठ्याने."

९ ऑक्टोबर, शनिवार

काम पुरे झाले. नरसिंगरावांचे सोबती विश्वेश्वर, पेठेतच छत्र्यांचे दुकान, बघायला आले आणि पट्टीवरून हात फिरवत राहिले. "ही काय नवीन तऱ्हा? आमच्याकडे पण अशीच पाहिजे." मला विचारले, "बत्तीसच इंच का? तीस का नाही?"

"सध्या बत्तीसची फॅशन आहे," मी म्हणाले.

अक्का मागे उभ्या होत्या. त्यांना खोकल्याची उबळ आली आणि त्या आत गेल्या. खोकला बराच वेळ चालला. मला वाटते तो खोकला नव्हता.

दुसरे काम मिळाले. 'योजना'च्या रकान्यात पुन्हा मी. आनंद व्हायला हवा तेवढा होत नाही. विश्वेश्वरांच्या घरी अशा पट्टीची कोणालाच गरज नाही, आणि तिथे ती खरोखर शोभेची असेल.

२३ ऑक्टोबर, शनिवार

काल संध्याकाळी पाणी भरण्याचा सण झाला. अक्कांनी मला बोलावले होते. हंडा चिंचेने घासून लख्ख, गळ्यात वेल, आणि त्यावर अक्कांनी बोटाने चुन्याच्या रेघा ओढल्या, सरळ, एकसारख्या अंतराने. ठकुबाईने गीझरलाही कुंकू लावले, म्हणाली तोही घरचाच आता. घागरी ओतून हंडा भरला. पायरीवर, उंबऱ्यावर या वेळी रेघा नव्हत्या. तिथे कडप्पा आहे.

आज पहाटे अभ्यंगस्नान. पाचला गेले. अंगणात पणत्या, तेलाचा वास. पहिली आंघोळ अक्कांची. केसांतून तेल निथळत होते, हाताच्या भाजल्या जागेवर नवी कातडी आलेली. ठकुबाई सवयीने मागे निघाली, तर नरसिंगरावांनी तिला हाक मारली, "ठकू, इकडे ये, पाट मांड." तिचे आत ठेवलेले स्टूल त्यांनी आधीच उचलून ओसरीत आणले होते, ते मी पाहिले.

अक्का आत गेल्या.

आम्ही दोघे अंगणात उभे होतो. नरसिंगराव हंड्याच्या पूजेतला उरलेला चुन्याचा डबा हातात घेऊन तो फिरवत होते. म्हणाले, "यंदा बराच उरला. तीन वर्षं झाली, दर महिन्याला मला एक डबा आणायला सांगायची. पान तर घरात कोणी खात नाही." डबा त्यांनी माळ्यावर ठेवला. "मी आणत होतो."

त्यांना किती माहीत आहे? जूनमध्ये माहीत होते, तर पांढरी न्हाणी का मागितली? की पडल्यानंतर कळले? विचारायचे तर आधी मला सांगावे लागले असते.

"तुंगाबाई," ते म्हणाले, "ती पट्टी शोभेची आहे ना?"

"हो."

"तशीच राहू द्या. तिला विचारलं तरी तेच सांगायचं. मला विचारलं तरी तेच."

आतून बोटांचा भिंतीवरून सरकण्याचा बारीक आवाज आला. मी मोजत होते, सवयीने. सहा पावले. मग पावले दाराशी परत आली. काहीतरी विसरल्या असाव्यात, मला वाटले. नरसिंगराव दाराकडे पाठ करून उभे राहिले.

कडी लागली. मग पाण्याचा आवाज सुरू झाला, आणि आम्ही दोघे तिथून बाजूला झालो.